शून्यावरून एक!

उजवा हात वर करा. नाही, आत्ताच करा, वाचता वाचता! बाजूने न्या, कोपर सरळ ठेवा, थेट दंड कानाला लागेपर्यंत! झाला? किती अंश फिरला तो? १८०! आणि कुठून फिरला? खांद्यातून, असंच म्हणणार ना? मीही तेच म्हटलं होतं. तर ऐका! खांद्याच्या सांध्यातून त्यातले साधारण १२० अंशच येतात. उरलेले ६० येतात पाठीवरच्या त्या चपट्या त्रिकोणी हाडामुळे, स्कॅप्युलामुळे! ते हाड बरगड्यांवरून सरकतं, फिरतं, आणि मगच हात पुरता वर जातो. विश्वास बसत नाही? घरातल्या कुणालाही पाठमोरं उभं करा, त्या हाडाच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा आणि त्या माणसाला हात वर न्यायला सांगा. टोक तुमच्या अंगठ्याखालून निसटून काखेकडे पळतं! खरंच पळतं! मी घरातल्या सगळ्यांचं पाहिलं आणि मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं पाहिलं आणि मग ताईंनी त्यांच्या मुलाचं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगितलं, "त्याचं पण पळतं!"

आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट नाही, आणि विज्ञानाशी माझा शाळेनंतर काही संबंध राहिलेला नाही. यातलं काहीही उपचार म्हणून वापरू नका, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत. मला फक्त एक शिक्षण सापडलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये! माझी भाची बीपीटीएच करते, फिजिओथेरपीची पदवी, शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज जवळ पडतं म्हणून ती आमच्याकडे राहायला आली आणि मग तिची पुस्तकं आली आणि मग एक खोकं आलं, त्यात हाडं होती, खरी हाडं, आणि मग रात्री जेवणं उरकली की "अगं मावशी, जरा पालथी झोप ना, मला तुझे हॅमस्ट्रिंग बघायचेत" असं सुरू झालं आणि मग मला कळायला लागलं की आपण सगळे ज्याला नुसतं 'शेकायला जातो' म्हणतो, त्याच्यामागे केवढं काय काय आहे!

साडेचार वर्षं! बारावी सायन्स, मग नीट, मग प्रवेशाच्या फेऱ्या, मग चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये उभं राहून स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कुठली नस त्याला हुकूम देते, हे सगळं प्रत्यक्ष बघायचं! आणि हाडांची तोंडी परीक्षा म्हणजे तर काय सांगू! हातात एक हाड ठेवतात आणि विचारतात, कुठलं? ते सांगितलं की पुढचा प्रश्न, कुठल्या बाजूचं? डावं की उजवं! मी खोक्यातून एक गळ्याजवळचं हाड काढून भाचीपुढे धरलं. तिने ते बोटांत फिरवलं आणि म्हणाली, "डावं." मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, जाड गोलसर टोक छातीच्या मधोमध येतं, चपटं टोक खांद्याकडे जातं, आणि खालच्या अंगाला एक उथळ खाच असते, ती खाली आणि छातीकडच्या भागाचा फुगवटा पुढे ठेवला की बाजू आपोआप ठरते. आपोआप! आपण जन्मभर ते हाड घेऊन फिरतो आणि त्याला खालची बाजू आहे हे आपल्याला माहीत नसतं!

मग गोनिओमीटर. प्लास्टिकचा कोनमापक, त्याला दोन लांब पट्ट्या. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत, मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, आणि मग गुडघा वाकवायचा आणि आकडा वाचायचा. पूर्ण सरळ म्हणजे शून्य, पुरता वाकला की साधारण १३५. सोपं वाटतं ना? अजिबात नाही! मी भाचीचा गुडघा मोजला तर माझा आकडा दर वेळी वेगळा! ती म्हणाली, पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं, वर्गातल्या मुली एकमेकींचे गुडघे, कोपरं, मनगटं मोजत बसतात, पुन्हा पुन्हा, दोघींचा आकडा जुळेपर्यंत. कारण महिन्याभराने पेशंट परत येतो आणि मोजणारी दुसरीच असते, तेव्हा त्याचा गुडघा खरंच सुधारला की नुसता हात बदलला, हे कळायला नको? मला हे इतकं आवडलं! एखाद्याच्या सुधारणेवर हक्काने बोट ठेवता यावं म्हणून आधी वर्षभर निरोगी गुडघे मोजायचे!

विजेचं प्रकरणही सांगते, पण पटकन, कारण मला पुढच्या गोष्टीकडे जायचंय. अल्ट्रासाउंडच्या मशीनचं डोकं गोल गोल फिरवतात ना, जेल लावून? एक मेगाहर्ट्झ लावलं तर लहरी खोल जातात, तीन लावलं तर वरच्या वर शोषल्या जातात. आकडा मोठा, पोहोच कमी! मग मेणाचं पात्र, त्यात सांधे आखडलेला हात बुडवायचा, काढायचा, परत बुडवायचा, की पांढरा हातमोजाच तयार! आणि मोटर पॉइंट! अंगावर ठरावीक जागा असतात, तिथे छोटासा करंट दिला की नेमका तोच स्नायू आकसतो. भाचीने मला व्हिडिओ दाखवला, तिच्या वर्गमैत्रिणीच्या हातावर इलेक्ट्रोड थोडा सरकवला की एकेक बोट आपलं आपण उठतंय! मैत्रीण हसतेय, बोट उठतंय! तोंड वाकडं झालेल्या पेशंटच्या चेहऱ्यावर हे करायच्या आधी प्रत्येक विद्यार्थी स्वतःवर करंट घेऊन बघतो. लागतो कसा, टोचतो किती, भीती कुठे वाटते, हे स्वतःच्या कातडीला आधी कळलं पाहिजे ना!

आता चालणं! मला वाटायचं चालणं म्हणजे चालणं. चूक की काय ते जाऊ दे, पण ऐका तरी! एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक चक्र. त्यातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत. म्हणजे काही क्षण दोन्ही पाय जमिनीवर असतात, चक्रात दोनदा. धावताना ते क्षण नाहीसे होतात! आणि पडण्याची भीती बसलेली म्हातारी माणसं तेच क्षण लांबवतात, दोन्ही पाय जमिनीवर जास्त वेळ ठेवतात, पाऊल आखूड टाकतात. मी हे ऐकलं आणि मला एकदम आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी आठवल्या. त्यांचं चालणं मला नुसतं 'हळू' वाटत होतं. ते हळू नव्हतं, ते सावध होतं!

मग एका रविवारी भाची मला दादरच्या पुलावर घेऊन गेली. खरेदीला म्हणून निघालो होतो, पण कसली खरेदी! कठड्याला टेकून उभ्या राहिलो आणि ती हळूच सांगायला लागली. ते बघ, पाऊल टाकताना चवडा आपटतोय, घोटा वर ओढणारा स्नायू कमजोर असणार. त्या बाई बघ, एका पायावर भार आला की दुसरीकडचा खुबा खाली जातो आणि मग धड उलटीकडे झुकतं. याला ट्रेंडेलेनबर्ग म्हणतात, फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदाच्या नावावरून, १८९५ पासून! म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं कुणी ना कुणी अशा चालण्याकडे टक लावून बघतंय! मी म्हटलं, मलाही दिसायला पाहिजे, आणि मग आधी काहीच दिसेना, माणसंच माणसं, पिशव्याच पिशव्या, आणि मग तिने सांगितलं की चेहरे बघू नकोस, फक्त कंबरपट्टे बघ, आणि मग मी कंबरपट्टे बघायला लागले आणि मग दिसलं! एकाचा पट्टा प्रत्येक पावलाला तिरका होत होता! मी जवळजवळ ओरडलेच. पट्टे बघा, तुम्हालाही दिसेल!

आणि याच खुब्याच्या गणितातून काठी निघते. तुमच्या घरी काठी वापरणारं कुणी आहे? उजवा खुबा दुखत असेल तर काठी कुठल्या हातात? उजव्या? जवळजवळ सगळे तेच सांगतात, दुखतं तिकडे आधार, सरळ आहे. पण काठी धरायची डाव्या हातात! कारण उजव्या पायावर उभं राहिलं की शरीर डावीकडे खाली जायला बघतं आणि ते सावरायला उजव्या खुब्याचे स्नायू जिवाच्या आकांताने ओढतात, आणि त्या ओढीचा दाबही दुखऱ्या सांध्यावरच पडतो. डावीकडून काठीने वर रेटा दिला की ती खुब्यापासून लांब असल्यामुळे थोड्या जोरात मोठं काम होतं आणि स्नायूंना इतकं ओढावं लागत नाही. तरफ! शाळेतली तरफ! आणि जिन्याचा नियम तर त्याहून गोड. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही वेळा अंग उचलायचं किंवा सावकाश खाली सोडायचं जड काम चांगल्या पायाकडेच येतं. करून बघा! मी आमच्या जिन्यात करून बघितलं, वर खाली, वर खाली, वॉचमनदादांना समजावून सांगत!

पण ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट वेगळीच आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मनगटावर पडल्या. हाड मोडलं, प्लास्टर झालं, निघालं, आणि मनगट लाकूड. त्यांना मी भाचीच्या कॉलेजच्या ओपीडीत न्यायला लागले. काकूंची कहाणी अशी की मूठ वळत होती, पोळी लाटता येत होती थोडी थोडी, पण तळहात आकाशाकडे करता येत नव्हता. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला की तो तिरकाच राहायचा! त्यांनी हे अगदी संकोचत सांगितलं, काय बाई क्षुल्लक म्हणून, आणि समोरच्या विद्यार्थिनीने ते शब्दशः केसपेपरवर लिहून घेतलं, तीर्थ घेता येत नाही! आणि मग मोजमाप केलं आणि मग उपचाराचं उद्दिष्ट म्हणूनही तेच लिहिलं! त्यांना शिकवतातच तसं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये एक चौकट मान्य केली, तिच्यात शरीराचा कुठला भाग बिघडला एवढंच बघत नाहीत, त्यामुळे माणसाला काय करता येत नाही आणि जगण्यातल्या कशात भाग घेता येत नाही, हेही बघतात. गुडघ्यासाठी येणाऱ्या आज्या विचारतात, मांडी घालता येईल का, एसटीची पहिली पायरी चढता येईल का, भजनाला खाली बसता येईल का. हे सगळं केसपेपरवर जातं! परीक्षेतही याला मार्क असतात! अंश मोजायचे, पण ते अंश तीर्थापर्यंत न्यायचे!

तर मी बाकावर बसलेली. शेजारच्या पलंगावर, ते त्याला प्लिंथ म्हणतात, एक तरुण आडवा. गीया बारे सिंड्रोम, जीबीएस. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत ज्याची साथ आली होती ना, तोच आजार. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते, आधी पाय जातात, मग हळूहळू वर सरकतं. या मुलाचे हात बऱ्यापैकी परत आले होते, मांड्याही, पण घोट्याखाली काही नाही. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, पांढरा एप्रन, हातात जर्नल, शेजारी मॅम. मुलीने त्याच्या घोट्यावर पुढच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "दादा, चवडा तुमच्याकडे ओढा." काहीच हललं नाही. "परत." काही नाही. मला तर काही म्हणजे काहीच दिसलं नाही आणि मी फार जवळ होते! "अजून एकदा, दादा." आणि मग त्या मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "मॅम, फ्लिकर!"

मॅमनी स्वतःची बोटं ठेवली. "परत ओढा." थांबल्या. आणि म्हणाल्या, "लिही, एक."

एक! मला घरी जाईपर्यंत धीर नव्हता, मी लगेच भाचीला मेसेज केला, एक म्हणजे काय? आणि रात्री तिने मला बसवून सांगितलं आणि तेव्हापासून मी माझी राहिलेली नाही. ऐका. स्नायूच्या ताकदीला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे स्नायू आकसतो पण सांधा हलत नाही, डोळ्याला दिसेल न दिसेल, बोटाला फक्त लागतं! दोन म्हणजे सांधा पूर्ण हलतो, पण गुरुत्वाकर्षण बाजूला काढलं तरच. आता गुरुत्वाकर्षण बाजूला कसं काढणार? साधं! माणसाला कुशीवर निजवायचं आणि पाय आडवा सरकवायला लावायचा, म्हणजे पायाला वर चढायचंच नाही! केवढी हुशारी! तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, पण वर माझ्या बोटाचाही जोर नको. चार, थोडा जोर लावला तरी टिकतं. पाच, पूर्ण. म्हणजे या मोजपट्टीच्या बरोबर मध्ये कोण बसलंय? पृथ्वी! अख्खी पृथ्वी! प्रत्येक पेशंटची परीक्षा तिच्याशी!

आणि माणसं फसवतात. मुद्दाम नाही हं! खांद्याचा स्नायू कमजोर असेल तर हात वर नेताना माणूस खांदा कानाकडे उचलतो, धड तिरकं करतो, आणि हात वर गेल्यासारखा वाटतो. याला ट्रिक मूव्हमेंट म्हणतात आणि ती पकडायला शिकवतात. शरीर शिताफीने दुसऱ्याच स्नायूकडून काम उरकून घेतं आणि विद्यार्थ्याने ते ओळखून सांगायचं, नाही आजोबा, खांदा खाली, आता परत. तोंडी परीक्षेत समोर खराखुरा पेशंट असतो, मागे दोन परीक्षक, आणि आजोबांचा खांदा कानाकडे निघालेला! मला ऐकूनच घाम फुटला!

त्या बोटांचं मला फार आश्चर्य वाटतं. ती तिसऱ्या वर्षाची मुलगी, वीस एकवीस वर्षांची असेल, तिच्या बोटांना ते कसं कळलं? भाची म्हणाली, आधी निरोगी मैत्रिणीच्या घोट्यावर ती शीर, म्हणजे कंडरा, शोधायची, ती ठळक उठते. मग मैत्रिणीला म्हणायचं कमी जोर लाव, मग अजून कमी, मग नुसता विचार कर हलवण्याचा, आणि मग डोळे मिटून बघायचं की कधी सुरू झालं ते बोटाला कळतंय का. मी केलं! भाचीच्या घोट्यावर बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि आलं! बारीकसं, आत कुठेतरी, आलं! तुम्हीही करा, कुणाच्या तरी पायावर, त्यांना सांगा नुसता विचार करा म्हणून!

आणि हे गुण देणं आलं कुठून? पोलिओतून! अमेरिकेत बोस्टनला डॉक्टर रॉबर्ट लव्हेट होते, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट, त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोलिओ झालेल्या मुलांचे स्नायू असे पारखायला सुरुवात केली, आणि आडवं निजवून, उभं करून, पृथ्वीलाच वजनमाप करून टाकलं. मग दुसऱ्या महायुद्धात नसांना जखमा झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने शून्य ते पाच ही पट्टी पक्की केली. आणि मग आपल्याकडे बघा! १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली, आणि १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना, तिघांनी मिळून! परळला! मी त्या फाटकावरून किती वेळा गेले असेन! आणि त्याच केईएममध्ये १९५० मध्ये कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली होती, जन्माने अमेरिकन, लग्नानंतर भारतात आलेल्या, फलटणच्या निंबकर कुटुंबातल्या. १९५५ मध्ये हाजी अलीची संस्था झाली, भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची. आणि मग २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी ही शाळा काढली तो देशातून गेला आणि बोटांची विद्या राहिली आणि ती आता जीबीएस झालेल्या मुलाच्या घोट्यावर टेकली आहे! मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

छातीचं सांगायचं राहिलंच! फिजिओ अतिदक्षता विभागातही असतात हे तुम्हाला माहीत होतं? तिथे शेक नाही, व्यायामाची सायकल नाही, तिथे श्वास! कफ अडकलेला असतो आणि पेशंटला खोकायची ताकद नसते. मग फुफ्फुसाच्या ज्या भागात कफ आहे तो भाग वर येईल अशा बेताने माणसाला कुशीवर निजवायचं, म्हणजे कफ आपणहून मोठ्या नळीकडे उतरतो, पुन्हा पृथ्वीच कामाला! आणि मग पाणी प्यायला करतो तशी ओंजळ करून पाठीवर थापट्या द्यायच्या. चपराक वाजली तर चूक, पोकळ आवाज आला तर बरोबर. भाची उशीवर सराव करते. रात्री तिच्या खोलीतून पोकळ, पोकळ, चपराक, "शी!", पोकळ, पोकळ असं ऐकू येतं! आणि जोरात खोकण्याऐवजी तोंड उघडं ठेवून 'हा' करून श्वास बाहेर फेकायला शिकवतात, म्हणजे ऑपरेशनच्या टाक्यांवर ताण कमी येतो. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं कोविडमध्ये घरोघरी होतं ना? पहिला चेंडू उठायला सेकंदाला ६०० घनसेंटिमीटर हवा ओढावी लागते, दुसऱ्याला ९००, तिसऱ्याला १२००. लिहिलेलं असतं त्याच्यावर! आमच्या माळ्यावर ते अजून आहे, मी काढून बघितलं, तिन्ही आकडे तिथेच होते!

शेवटच्या वर्षाचे चार मोठे विषय आहेत: हाडं आणि स्नायूंची, मेंदू आणि नसांची, हृदय आणि फुफ्फुसांची, आणि चौथी कम्युनिटी फिजिओथेरपी. चौथी मला फार आवडते. त्यात ही मुलं वृद्धाश्रमात जातात, कारखान्यात जातात, गावात जातात. भात लावणाऱ्या बायकांची कंबर वाकून वाकून भरते, तिथे जाऊन 'वाकू नका' सांगून काय उपयोग? भात कसा उभ्याने लावणार! मग कामाच्या मध्ये कधी थांबायचं, कसं मागे ताणायचं, ओझं अंगाजवळ कसं धरायचं, हे त्यांच्याबरोबर बांधावर उभं राहून ठरवायचं. भाची तिथून परत आली तेव्हा पायाला चिखल आणि वहीत पानंच्या पानं. तिला इंटर्नशिपमध्ये पुन्हा तसंच कुठेतरी जायचंय. मग राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी आणि मग, जमलं तर, दोन वर्षांचं एमपीटीएच. मी तिला म्हटलं, कर गं, मेंदू आणि नसांचंच कर! ती म्हणते, मावशी, आधी पास तर होऊ दे.

तो जीबीएसवाला मुलगा मला नंतर दिसला. काकूंच्या तीर्थाच्या हाताला अजून थोडे अंश हवे होते म्हणून आम्ही गेलो होतो. तो कुशीवर निजला होता आणि चवडा सरकवत होता. आडवा. पूर्ण! मला आता कळतं ना! मी काकूंचा दंड धरून म्हटलं, काकू, दोन! काकूंनी विचारलं, कसले दोन? आणि मग मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं, शून्यापासून, आणि मग त्यांनी शेजारच्या बाकावरच्या बाईंना सांगितलं, आणि मग आम्ही तिघी त्या चवड्याकडे बघत बसलो तर त्या मुलाच्या आईने आम्हाला विचारलं, काय झालं हो? त्यांना माहीत नव्हतं! इतके दिवस त्या रोज त्याला घेऊन येत होत्या आणि दोनाचा अर्थ त्यांना कुणी असा सांगितला नव्हता. मी डॉक्टर नाही, मी सांगणार नव्हते, मी त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बोलावलं आणि तिने सांगितलं, बोटाने पायावर दाखवत दाखवत, पुढचा आकडा काय, तो कसा दिसेल, त्यासाठी घरी काय करायचं. त्या माउलीने वही काढून लिहून घेतलं!

आता तुमच्यासाठी. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. १९५१ मध्ये त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली तो हा दिवस, आणि १९९६ पासून तो साजरा होतो. भाचीच्या वर्गाने त्या दिवशी ज्येष्ठांसाठी तोल तपासायचं शिबिर ठरवलंय. बर्ग बॅलन्स स्केल! चौदा कामं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५६. खुर्चीतून उठायचं, डोळे मिटून उभं राहायचं, जमिनीवरची वस्तू उचलायची, जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्यायची, एका पायावर उभं राहायचं. मी आमच्या इमारतीतल्या सगळ्या आजी आजोबांची नावं दिली आहेत, वरच्या मजल्यावरच्या सावध चालणाऱ्या आजींचं पहिलं! तुमच्याही जवळच्या कॉलेजात असं काही आहे का विचारा, आणि असेल तर घरातल्यांना घेऊन जा, आणि सैल कपडे घालून जा, आणि जे करता येत नाही ते न लाजता सांगा, अगदी तीर्थाचंसुद्धा. आमच्याकडचे आजोबा तर आत्तापासून गॅलरीत एका पायावर उभं राहायचा सराव करताहेत, मी त्यांना सांगितलंय, कठड्याजवळच करा, आणि काठी आणा बरोबर, कुठल्या हातात धरता ते बघायला मी दारातच उभी असणार आहे!